गुडघ्याचे पैसे आणि देवाचा कौल

कामथडी

श्री. हनुमंतराव यांस रखमाजीचा रामराम. तुमची साखर आणि वहिनींची कंबर कशी आहे ते कळवावे. इकडे तुमच्या बहिणीचे गुडघे आणि माझी झोप सोडली तर सगळे ठीक आहे. फोनच केला असता, पण तुमची ही बहीण ठकुबाई कान देऊन असते.

रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे तुमच्या सांगण्यावरून म्युच्युअल फंडात घातले. (दोष देत नाही, नुसती आठवण करून देतो.) पाच वर्षे तिकडे बघू नका, असे तुम्ही बजावले होते. पण सून रत्नाने मोबाईलवर ते दिसायची सोय करून दिली, आणि आता मी दात घासायच्या आधी बघतो. हिरवे दिसले की वाटते, अजून घालायला हवे होते. लाल दिसले की वाटते, सगळे काढावे. दोन्ही दिवशी जेवण जात नाही. शेतातल्या भाताला मी असा रोज भाव विचारत नाही, पण भातही मला रोज उठून भाव सांगत नाही. त्यात नसरापूरच्या चहावाल्या गेनूने त्याचा एक शेअर दुप्पट झाल्याचे सांगितले. (बाकीचे कुठे गेले ते विचारल्यावर त्याने कपबशा धुवायला घेतल्या.)

नंतर बाजार पडला. शेवटी भैरवनाथाला कौल लावला. उजवे फूल पडले तर काढायचे, डावे पडले तर ठेवायचे. डावे पडले. मी गुरवाला म्हणालो, फूल नीट चिकटले नव्हते. पुन्हा डावेच. मग पंखा बंद करायला लावला. तिसऱ्यांदा उजवे पडले, तेव्हा कुठे मला देवाचे म्हणणे पटले. गुरव म्हणाला, "रखमाजीबुवा, तुमी ठरवूनच आला व्हता, तर देवाला कशापायी तरास दिला?" घरी येऊन बघतो तर बाजार वर आलेला. मग काहीच काढले नाही.

रत्नाने एवढेच विचारले, "मामंजी, ह्यातलं कुठलं पैसं कवा लागणार?" म्हटले, गुडघ्याच्या ऑपरेशनचे दिवाळीआधी, बाकीचे माझ्यामागे. ती म्हणाली, "मग गुडघ्याचं आत्ता काढा, बाजार कसाबी असू दे. बाकीच्याकडं बघूच नका." इतके सोपे बोलणे ऐकून मला जास्तच काळजी वाटली. तरी पटले, हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

आपला,
रखमाजी

ता. क. पटले, पण काढले नाहीत. घातले होते त्याच्या थोडे खाली आहे, तेवढे भरून आले की काढतो. दवाखान्याची तारीख मात्र ठरली आहे. तुम्ही बहिणीला सांगा की पुण्याचे डॉक्टर थंडी सरल्यावर या म्हणतात. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही.

आणखी एक. पत्र टाकायला रत्नाकडे दिले ती चूक झाली. ठकुबाईने ते वाचून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी बाजार उटंल तवाच मी उटायचं व्हय?" मला समोर बसवून पैसे काढायला लावले. घातले होते त्याहून कमीच आले. तारीख तीच आहे, तुम्ही या. हे पत्र आता मी स्वतः पेटीत टाकतो आहे. मोबाईल तिच्या पिशवीत असतो, त्यामुळे उरलेल्या पैशांचे मला काही दिसत नाही. तुम्ही फोन कराल तेव्हा बाजार वर असेल तर "भात बरं दिसतंय" म्हणा. खाली असेल तर नुसती तब्येत विचारा.