नसलेलं सहावं प्रकरण

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार, दोन्ही कान धरून.

तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे ही आणि मुलं मजेत आहेत. मीही तब्येतीनं ठणठणीत आहे, पण तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, आणि ते तुला नाही सांगायचं तर कुणाला?

झालं असं, की दुसऱ्या विद्यापीठातून एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. विषय शहरातली पाणीगळती, पानं चारशे बारा. (त्याच आठवड्यात मला आमच्या 'एआयचा जबाबदार वापर' समितीचा अध्यक्ष केलं होतं, त्यामुळे वाचायला वेळ कुठला!) मी आख्खा प्रबंध एआयच्या घशात घातला, अहवाल मागवला आणि तोही धड न वाचता खाली सही ठोकली. अहवाल मोठा फर्मास होता. त्यात म्हटलं होतं, की सहावं प्रकरण फार कच्चं आहे, ते नीट लिहून मगच प्रबंध पुन्हा सादर करावा. प्रबंधात प्रकरणं होती पाच.

आता एका फोननं हे मिटलं असतं. पण आमच्यात परीक्षकाला 'तुमचं चुकलं' म्हणायची पद्धत नाही. मुलीनं तिच्या मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी (प्रबंध त्यांनी तरी वाचला होता का, देव जाणे) 'सर म्हणतायत तर असेल काहीतरी' म्हणून हात झटकले. मग त्या बापडीनं काय करावं? तिनं सहावं प्रकरण लिहिलं! तीन महिने घरोघर हिंडून, कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या जिन्याखाली वाकून गळके नळ मोजले.

गेल्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा झाली. भरल्या सभागृहात उभी राहून ती म्हणाली, "सरांचे आभार कसे मानू? मी जे लिहिलंच नव्हतं, त्यातलीसुद्धा उणीव सरांना दिसली." लोकांनी टाळ्या वाजवल्या गं. मी मान खाली घातली, तर तोही विनय ठरला. पुढे चहाच्या वेळी तिनं सहज सांगितलं, की पाणीखात्यातली नोकरी ठरल्यात जमा होती, पण पदवी वेळेत हवी होती. तीन महिने उशीर झाला आणि जागा दुसऱ्याला गेली. "जाऊ द्या सर, प्रकरण तर चांगलं झालं," म्हणून हसली. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बिस्कीट खाल्लं.

घरी येऊन प्रबंध पहिल्यांदा वाचला. तीन दिवस लागले. म्हणजे माझे तीन दिवस वाचावेत म्हणून मी तिचे तीन महिने आणि नोकरी घालवली. सहावं प्रकरण सगळ्यांत सरस आहे, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. समितीची नियमावली अजून लिहायची आहे. हात धजत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा नालायक,
धाकटा

ता. क. तू प्राचार्य आहेस, म्हणून विचारतो. तुझ्या कॉलेजातली ती रिकामी जागा भरली का? मुलगी हुशार आहे. शिफारसपत्र मी स्वतःच्या हातानं लिहीन. तिला मात्र यातलं काही सांगू नकोस.

ता. क. २. वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एवढं चऱ्हाट मी त्या एका वाक्यासाठीच वळलं, हे ध्यानात आलं आणि स्वतःचीच किळस आली. तेव्हा ते खोडलं असं समज. सबंध पत्राची एक प्रत तिलाही लिहून काढली आहे, एक तिच्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना.

ता. क. ३. त्या दोन्ही प्रती आत्ताच पेटीत टाकून आलो. पोस्टमन पेटी उघडतच होता. एखादं पाकीट परत मिळेल का, म्हणून विचारून पाहिलं. नाही म्हणाला.