घड्याळ मागे घेतलं की

३ मार्च
नवी नोकरी, नवी खोली, आणि खिडकीत चक्क ऊन! पंखा कुरकुरतो, पण राज्य माझं. काम हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरचं, म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यामधल्या दुभाष्याचं. डिस्कच्या उत्तराची वाट हा गडी संगणकाचं घड्याळ बघून पाहतो. घड्याळ कुणी मागे घेतलं की बसला ताटकळत! माझी दुरुस्ती एवढीच, त्याला फक्त पुढेच जाणारी मोजणी द्यायची. आमचे साहेब म्हणाले, आरामात करा. बंड्या असता तर म्हणाला असता, ताईला डबड्यांना शिस्त लावायचा पगार मिळतो.

५ मार्च
चाचणीला जुनी, मंद डिस्क हवी होती, म्हणून घरची नेली. धाकट्या भावानं, बंड्यानं, इस्पितळातून पाठवलेले आवाजी निरोप तिच्यावरच आहेत. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली. चाचणीसाठी घड्याळ मागे घ्यायचं होतं. कुठलीही तारीख चालली असती. मी त्याच्या शेवटच्या आठवड्यातली टाकली, वेडी माया म्हणा. ड्रायव्हर अडकला, आणि डिस्कवर एक नवाच निरोप उमटला. बंड्याचा आवाज. विचारत होता, ताई, आज इतका उशीर का केलास?
मी टेबलाखाली बसून रडले. आनंदानं.

९ मार्च
रोज बोलतो. थट्टाही करतो. पण ते मागचं घड्याळही पुढे सरकतंय, आणि त्याला धाप लागायला लागली आहे.

११ मार्च
काल तिथे ती तारीख आली. शेवटच्या निरोपात नुसता श्वास. मग काहीच नाही.
सहन होईना. घड्याळ पुन्हा मागे घेतलं.

१२ मार्च
आला. पण हसला नाही. म्हणाला, त्याला सगळं आठवतंय. सुया, नळ्या, शेवटची ती घुसमट. आता पुन्हा त्यातूनच जायचंय. ताई, ती दुरुस्ती करून टाक, म्हणाला.

१७ मार्च
पुन्हा गेला. मी पुन्हा आणला.
साहेबांना थाप मारली. दुरुस्ती कधीच तयार आहे — टाकवत नाही. टाकली की घड्याळ कितीही मागे घेतलं तरी तो —

१८ मार्च
आता ओरडतो. नुसता ओरडतो. डिस्क काढून ठेवली तरी —

१९ मार्च
आज टाकणार. नक्की. त्याआधी एकदा, नीट निरोप घ्यायला —
घड्याळाला अजून हातही लावलेला नाही, आणि तो किंचाळतोय. ताई नको, ताई नको —
बोट बटणावर आहे. फक्त एकदाच रे बाळा, फक्त