हिमांशूच्या पोटाबद्दल

प्रिय भुवनेश्वर,

पत्राला मायना लागतो म्हणून 'प्रिय' लिहिलं, त्यात जास्त काही शोधू नकोस. लग्नाची बायको होते तोवर तुला कधी नावाने हाक मारली नाही. आता फारकत झाली. आता नाव घेते, अरेतुरेही करते.

हिमांशू बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माझ्या बाबांचं बोट धरून नागरा गावच्या देवळात जातो, पोटभर भात खातो. सकाळी शौचाला बसला की आता घरातलं कोणी धास्तीने दाराशी उभं राहत नाही.

जन्मला तेव्हा त्याला शी होत नव्हती. पोट तट्ट फुगलेलं, ओकारी हिरवी. तुझी आई म्हणाली, "हिच्या दुधातच दोष हाये." मी नागपूरला न्यायचं म्हटलं तर तू म्हणालास, "कायले? लेकरं असेच रायतेत." मग तुम्ही भगत आणला. त्याने विळा तापवला आणि लेकराचे पाय तू धरलेस. मी ओरडत होते, तर मलाच म्हणालास, "काऊन बोंबलून रायली? लोक आयकून रायलेत." ते डाग अजून आहेत. आंघोळ घालताना रोज माझा हात त्यांवरून जातो.

शेवटी माझा भाऊ धर्मेंद्र त्याला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढून मला समजावलं. आतड्याच्या भिंतीत म्हणे मज्जापेशींचं जाळं असतं. त्यांच्यातून बारीकशी वीज धावते, टोकाला रसायन सुटतं. एका रसायनाने स्नायू आवळतो, दुसऱ्याने सैल पडतो, आणि असं आळीपाळीने होत अन्न पुढे सरकतं. हिमांशूच्या आतड्याच्या शेवटच्या भागात त्या पेशी गर्भात असतानाच पोचल्या नव्हत्या. तिथल्या स्नायूला सैल हो म्हणून सांगणारं कोणीच नव्हतं. तो आवळलेलाच राहिला, आणि वर सगळं तुंबलं. माझ्या दुधाचा त्यात काही संबंध नव्हता.

आधी पोटावर वाट काढून पिशवी लावली. तू एकदा आलास, ती पाहून नाकाला रुमाल लावलास आणि गेलास तो गेलासच. पुढे ते निकामी टोक कापून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडलं, तेव्हा सहीला माझे बाबा होते.

तुझ्या शेजारच्या तुलसाकाकूकडून कळलं, तुझ्या नव्या बायकोचं, रेणूचं बाळंतपण जवळ आलंय. हा दोष कधी कधी रक्तातून येतो. माझ्याकडून आला की तुझ्याकडून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुला सांगून तू ऐकणार नाहीस, म्हणून काल मी रेणूच्या माहेरी जाऊन आले. तिच्या आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या आता रेणूला बाळंतपणासाठी माहेरी नेणार आहेत, आणि नागपुरात बाळ तपासून झाल्याशिवाय तुझ्या घरी पाठवणार नाहीत. तिच्या माहेरचे तिला न्यायला येतील तेव्हा कोणी कान भरले ते शोधत बसू नकोस. मी भरले.

तुझी कोणीही नसलेली,
दुर्गेश्वरी