चुलीजवळची खाट

१२ मार्च १९०९

आलं: पीठ एक पोतं, दीड डॉलर. रॉकेल एक गॅलन, तेरा सेंट. कचेरीचं पत्र — फुकट, पण तेच सगळ्यांत जड.

माझा थोरला भाऊ इनॉस याला आमच्या लोरिमर परगण्याच्या पंगुगृहात ठेवून घ्यायचं की नाही, याची सुनावणी गुरुवारी. अंगावरून वारं जाऊन त्याची डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून दोन वर्षं मीच उचलते. आता पाठ साथ देत नाही. पंगुगृह दोन मैलांवर. दर रविवारी प्रार्थना झाली की पाव घेऊन पायी जाता येईल.

१५ मार्च

हद्दीचा दगड अंगणात, भिंतीला लागून. त्याच्या रेषेने स्वयंपाकघर पलीकडच्या परगण्यात, मागची खोली आपल्या. लग्न होऊन आले तेव्हापासूनची थट्टा — "व्हिनी, कॉफी परमुलखात उकळतेस!"

थंडीत दोन चुली नकोत म्हणून मीच दादाची खाट स्वयंपाकघरात आणली. सरपण वाचलं! पण कचेरी विचारणार, दादा निजतो कुठल्या परगण्यात.

नवरा, ऑरिन, म्हणतो, "मागच्या खोलीत निजतो म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

"बायबलवर हात ठेवून?"

"मग हात हलका ठेव."

दादा खाटेवरून हसला. "डावी बाजू त्यांना द्या, उजवी आपल्याला. बघू कोण कुरकुरतं!"

१८ मार्च

खरं तेच सांगितलं.

"डिसेंबरपासून निजतात कुठं?"

"चुलीजवळ."

कारकून तटलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही! माणूस निजतो तिथला. पलीकडचे नेतील त्यांना."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना नवरा एवढंच बोलला — "देव खूश झाला असेल." प्रभू, त्याच्यावर रागावू नकोस.

२४ मार्च

नेलं. पलीकडचं पंगुगृह सत्तर मैलांवर. गाडीत गवतावर निजवला, पायांत मी विणलेले लोकरी मोजे. एकदम म्हणाला, "व्हिनी, पाव करपतोय बघ!" आत धावले. पाव ठीक होता. बाहेर येते तो गाडी वळणाआड.

११ एप्रिल, ईस्टर

तिकडे दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

२७ एप्रिल

नव्या रस्त्यासाठी मोजणीदार आले. साखळी ओढत घर ओलांडून थेट शेतात गेले. "दगड इथं हवा." साठ पावलं पलीकडे! म्हणजे अख्खं घर आमच्याच परगण्यात — चूलसुद्धा!

ऑरिन मटकन बसला. "बाबांनी उचलून अंगणात आणला होता. नांगर अडायचा. मी सहा वर्षांचा. मला वाटलं, दगडच तो."

कचेरीत धावले. तटलसाहेब म्हणाले, "आता पलीकडच्यांनी लिहून द्यायला हवं."

२९ एप्रिल

आलं: पलीकडच्या पंगुगृहातून दादाचे लोकरी मोजे. धुऊन, घडी घालून. सोबत एक ओळही नाही.

लगेच लिहिलं — "व्यवस्थापक महाशय, हद्द चुकली होती. इनॉस आमच्या परगण्याचा. मोजे पोचले. माणूस कुठं आहे, ते उलट टपाली कळवावं."