आत्यांचा डोळा आणि तुमची वायर

प्रिय कांचनताई,

आपली भेट कधी झाली नाही. तरी रोज सकाळी माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या आधी मी तुम्हाला लावते. तुम्ही तापानं गेलात, वर्षानं मी या घरात आले, आणि आल्या आल्या सोनाराकडून तुमचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला. नवी साडी आधी तुम्हाला, मग मला. एवढं सगळं करून पत्र मात्र कधी लिहिलं नाही.

आज लिहितेय, कारण आत्यांना, म्हणजे आपल्या सासूबाईंना, आत्ताच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेलंय. दुसरा डोळा. परभणीचा दवाखाना, बाहेरचा बाक आणि मी. हे गाडी लावायला गेलेत. तुम्हीही त्यांना 'हे'च म्हणत असाल ना? दुसरा शब्द मी कुठून आणू? तर या दारापर्यंत आत्यांना कुणी आणलं, ते तुम्हाला नीट कळायला हवं. घरातलं कुणी सांगणार नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय. आत्या पेडगावला घरी आल्या, पट्टी निघाली, आणि डोळा तपासला कशावर? टीव्हीवर. संध्याकाळची मालिका लागली आणि त्या रडायलाच लागल्या. "मला दिसायलं न्हाई गं. त्या बाईच्या कपाळावर कुंकू हाय का न्हाई ते बी कळंना."

हे म्हणाले, थांब जरा, दिसंल. थांबून झालं. दिसेना. मग दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की आत्यांचं एकच. "एक घालवला. आता हा तरी राहू द्या मला." तो दुसरा तर पांढरा होत चाललेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार उशीर करू नका.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. पट्टी निघाल्यापासून याच आत्या ओसरीवर बसून पार वेशीजवळची शेळी कुणाची ते सांगायच्या. मग घरातला टीव्हीच का दिसू नये?

मी टीव्हीपुढं जाऊन उभी राहिले. माझे डोळे चांगले आहेत, ताई. पण त्या बाईचं कुंकू मलाही दिसेना. कपाळावर नुसता लाल डाग पसरलेला.

मग टीव्हीच्या मागं वाकून बघितलं, तर तिथं तुम्ही होतात. लाल, पांढरी, पिवळी. तीन पिनांची तुमची वायर.

टीव्ही माझ्या माहेरचा आहे. वडिलांनी सोनपेठहून टेम्पोत घालून आणलेला. घरात आलेली नवी वस्तू आधी तुम्हाला दाखवायची, पण एवढा मोठा टीव्ही देव्हाऱ्यापुढं नेता येईना, म्हणून आत्यांनी तुमचा टाकच ताटलीत ठेवून टीव्हीपुढं आणला. तेव्हा मला हसू आलं होतं. मग यांनी जुन्या टीव्हीची तुमची वायर काढून माझ्या टीव्हीला जोडली. सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यात नवी वायर पिशवीसकट पडून होती. मी विचारलं, ही का नको? तर म्हणाले, "कांचननं बसवलेली हाय. चालतंय ना? मग राहू दे."

त्यातली पिवळी पिन सैल झालीय. चित्र गेलं की हे मागं हात घालून ती दोन बोटांनी दाबतात. किती हळूच दाबतात म्हणून सांगू! त्यांचा हात एवढा हलका असू शकतो, हे मला त्या पिनेमुळं कळलं. एका पिनेवर जळणारी बाई तुम्ही कधी पाहिलीत का?

पण तुमच्यावर अन्याय नको. तुमच्या जुन्या टीव्हीला मागं तेवढीच भोकं होती. त्याला तीच वायर बरोबर होती, तुमची काही चूक नव्हती. हे लिहिलं नसतं तर मला घास गेला नसता.

आमच्या घरात पाटी हातात धरलेली मी पहिली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडं राहून बारावी केली. तुम्ही म्हणे बी.ए. होता. त्यातही माझ्या पुढंच. तर छापील कागद दिसला की तो मला वाचावाच लागतो, आणि वाचल्यावरही आपलं चुकलं असेल अशी धाकधूक राहते. बॉक्सबरोबरचा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या वायरीत सगळं चित्र त्या एकट्या पिवळ्या पिनेतून येतं, म्हणून मोठ्या टीव्हीवर ते फिसकटतं. एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही येतात, तेही स्वच्छ. आणखी एक पाच पिनांचा प्रकार होता. तो बरा की हा?

खात्री करायला परभणीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "पाच पिनांची कशाला शोधायल्या, ताई? बॉक्सला आन टीव्हीला एचडीएमआय हाय ना? मग तीच."

काचेच्या कपाटात जाड, विणलेली एक वायर होती. मी विचारलं, ती घेतली तर आणखी चांगलं दिसेल का?

"एवढ्याशा अंतराला काय फरक पडणार? खोक्यात आलेलीच लावा. मीच माझं गिऱ्हाईक घालवायलो बघा."

घरी येऊन वायर पिशवीतून काढली. आत्यांनी विचारलं, "काय करायलीस?" सांगितलं. त्यांनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "तिला इचारलंस का?"

तर ताई, मी ती काळी वायर तुमच्यापुढं ठेवली. तिला हळद-कुंकू लावलं. "डोकं टेकव," आत्या म्हणाल्या. टेकवलं. माझ्या बापानं दिलेल्या टीव्हीत वायर घालायला तुमची परवानगी मागितली. त्या वेळी मनात काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. ते लिहीत नाही.

तुमची वायर काढली, माझी खोचली. पडदा काळा. एका कोपऱ्यात बारीक अक्षरं, सिग्नल नाही.

"बघ, रुसली कांचन. काढ ती."

खरंच रुसलात की काय, असं क्षणभर मलाही वाटलं. मग कागदावरचं आठवलं. टीव्हीला सांगावं लागतं, आता इकडून नाही, तिकडून घे. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं, एचडीएमआय निवडलं.

आत्या खाटेवरून पुढं सरकल्या. "अगं, हिच्या गालावर तीळ हाय की." मग जरा वेळानं, "आन कुंकू कसलं? टिकली हाय ती. एवढीशी." त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा झाकून पाहिलं. नंतर मोतीबिंदूचा डोळा झाकून पाहिलं.

"लावा नंबर दुसऱ्या डोळ्याचा," त्या म्हणाल्या. मी हसणार, तेवढ्यात देव्हाऱ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. "कांचन पावली."

तुम्ही पावलात. कागद मी वाचला, दुकान मी गाठलं, पावलात तुम्ही. शेतातून आल्यावर यांनी तुमची वायर जमिनीवरून उचलली, पुसली, गुंडाळली आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवली. टीव्हीकडं त्यांचं लक्ष गेलं ते जेवताना. "बरं दिसायलंय," एवढंच म्हणाले. तुम्ही असतात तर आणखी काही बोलले असते का?

मघाशी आत्यांनी नर्सबाईंनाही सांगितलं, आमच्या कांचनच्या कृपेनं आले. नर्सबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "कांचन ह्याच का?"

"न्हाई बाई. कांचन घरी देव्हाऱ्यात हाय. ही वैशाली." आणि आत जाता जाता मागं वळून म्हणाल्या, "हितंच बस गं. चहाला बी जाऊ नको."

मी चहाला गेलेली नाही.

उद्या पट्टी निघेल. दिसलं तर आत्या पुन्हा तुमचंच नाव घेतील. घेऊ देत. मी त्यांना खोडणार नाही, यांच्यापाशीही बोलणार नाही, हे माझं तुम्हाला वचन. फक्त तुम्ही ते श्रेय घेताना मनात एवढं ठेवा की ती वायर मी बदलली.

तुमच्यानंतर आलेली,
वैशाली