दार ठोठावणाऱ्यांचा बंदोबस्त

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या लाडक्या (निदान परवापर्यंत लाडक्या, आता काकांनी तुला फोन केला असेल तर माहीत नाही) भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात काका माझ्याशी बोलत नाहीत, आई बोलते पण भांडी आपटत बोलते, आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो आहे. तुझा गुडघा कसा आहे? मावसोबांचा खोकला? जिने चढू नकोस, गार पाणी पिऊ नकोस, मनाला काही लावून घेऊ नकोस. हे शेवटचं खास या पत्रासाठी. फोन न करता कागदावर का लिहितो आहे म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते सांगायला फोन केला होता, तेव्हा माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू रडून, रागावून, मला माफ करून फोन ठेवलासुद्धा होता.

तर मावशी, मुद्द्याचं आधी सांगतो. मी एका मुलीला लग्नाचं विचारलं. तिने उत्तर पाठवलं. आणि ते उत्तर मी स्वतःच्या हाताने दारातून हाकलून दिलं. हो होतं की नाही होतं, मला ठाऊक नाही. तिला दुसऱ्या गावातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळते आहे, महिनाअखेर कळवायचं आहे, आणि मी इथे बसून भिंतीवरची पाल मोजतो आहे. (एकच आहे. तरी मोजतो.) आता हे कसं झालं ते ऐक, आणि पाणी पिऊन ऐक.

काकांचा लिफ्ट दुरुस्तीचा धंदा तुला माहीत आहेच. दुकान पाहिलं नसशील. पुढे काकांचं टेबल, मागे तारांची भेंडोळी, ग्रीसचे डबे, कुठल्याकुठल्या इमारतींतून काढून आणलेली बटणांची फळकुटं (कोणतंही बटण दाबलं तरी तुम्ही तळमजल्यावरच), आणि जिन्याखालच्या कोनाड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, आमचा मेल सर्व्हर. म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, ज्याच्यावर मिस्त्री जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून ठेवतात. काकांचा नियम असा की तक्रार फक्त मेलवर घ्यायची. फोनवर घेतलेली तक्रार नंतर कोणी कबूल करत नाही, म्हणतात. आणि मेल दुसऱ्या कुणाच्या कंपनीत ठेवायचा नाही, कारण "आपलं टपाल आपल्या घरात." मी कॉलेज सोडून घरी बसलो, तेव्हा काकांनी मला उचलून त्या कोनाड्यात बसवलं. म्हणाले, "शिकला नाहीस, निदान राखण कर."

ती मला याच टपालात भेटली. ती एका दातांच्या दवाखान्यात काम पाहते. पहिल्या मजल्यावर दवाखाना, आणि लिफ्ट अशी नाठाळ की महिन्यातून दोनदा मध्येच रुसून बसायची. तिच्या तक्रारी मी वाचायचो. लोक लिहितात, 'लिफ्ट बंद आहे, लवकर या.' ती लिहायची, 'आत एक आजोबा आहेत. धीराचे आहेत, पण आता गाणं म्हणू लागले आहेत. लवकर या.' मावशी, असं लिहिणाऱ्या मुलीवर माणूस जीव टाकणार नाही तर काय करणार? मी मिस्त्रींबरोबर स्वतः जायला लागलो. लिफ्टमधलं मला शष्प कळत नाही. मी बॅटरी धरून उभा राहायचो. मिस्त्री एकदा म्हणाले, "बाळा, उजेड माझ्या हातावर पाड. तिच्या तोंडावर पाडून लिफ्ट चालू होत नाही."

तिच्या वाढदिवसाला लोक देतात तसलं काही न देता मी तिला आमच्या सर्व्हरवर एक स्वतंत्र टपालपेटी काढून दिली. पासवर्ड मी ठरवला. लांबलचक, लहान अक्षरं, मोठी अक्षरं, मध्येच टिंब, मध्येच आकडा, कुणाच्या बापालाही ओळखता येऊ नये असा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये, हा नियम. म्हणून लिफ्टच्या दाराशी उभं राहून तोंडी सांगितला. एकदाच. वर म्हणालो, "मनात असेल तर विसरणार नाहीस." तिने मान डोलावली. मला वाटलं, काय मुलगी आहे!

आता धक्क्याची गोष्ट. कोनाड्यात बसल्याबसल्या एके सकाळी मी सर्व्हरचा लॉग उघडला. लॉग म्हणजे दारावर कोण आलं, काय म्हणालं, आत गेलं की परत गेलं, याची आपोआप होणारी नोंद. आणि मावशी, माझे डोळे पांढरे झाले. आमच्या दारावर रांग होती! जगाच्या पाठीवरून कुठून कुठून, ओळख ना पाळख, माणसं (की यंत्रं, देव जाणे) येऊन एकामागून एक नावं सांगून कडी वाजवत होती. मी 'मालक' आहे, आत घ्या. मी 'हिशेबनीस' आहे, आत घ्या. मी 'चाचणी' आहे. एक तर म्हणे मी 'प्रिंटर' आहे! अगं, प्रिंटरला कशाला हवं टपाल? त्याला दिलेला कागद तो धड बाहेर काढत नाही! आणि हे दिवसाढवळ्या, मिस्त्रींचा डबा वर गरम होत असताना. मी ज्याच्याकडून हे काम शिकलो त्या वर्गमित्राला फोन केला (त्याने कॉलेज सोडलं नाही, म्हणून त्याला सगळं थंडपणे घेता येतं). तो जांभई देत म्हणाला, "हे सगळ्यांच्याच दारात होतं. वाऱ्यासारखं समज. पासवर्ड भक्कम ठेव आणि दुर्लक्ष कर." दुर्लक्ष! कुणी दिवसभर तुझ्या घराची कडी हलवत उभा राहिला, तर मावसोबा त्याला वारा म्हणतील का?

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरतं हे तुला नवीन नाही. मी पहारा बसवला. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की ज्या इंटरनेट जोडणीवरून तो आला, तिचा पत्ताच बंद. साधारण लोक तासाभरासाठी बंद करतात. मी जन्मभरासाठी केला. नुसतं बंद करून समाधान होईना, म्हणून बंद केलेल्या पत्त्यावरून पुढे एखादा मेल जरी आला, तरी तो परत पाठवताना सोबत एक ओळ जावी अशी सोय केली. ती ओळ मी स्वतः रचली: 'निर्लज्ज माणसा, तुझ्या घरी आई-बहीण नाही का? पुन्हा या दारात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन.' दोन दिवस मी ती ओळ मनातल्या मनात म्हणून खूश होत होतो.

तिसऱ्या दिवशी पाहतो तर काय, एक हरामखोर थेट तिच्या नावाने आत घुसू पाहतोय! तिच्या! मी वाढदिवसाला दिलेल्या पेटीत! मावशी, माझ्या अंगाची लाही लाही झाली. मालकाच्या नावाने आले, मी सोसलं. प्रिंटरच्या नावाने आले, सोसलं. पण हे? आणि बाकीच्यांसारखा तो घाईत नव्हता. सावकाश, विचार करकरून, थांबून थांबून टाकत होता. म्हणजे पाळत ठेवून आलेला. पहाऱ्याने त्याला बंद केलं. मी तेवढ्यावर थांबलो का? त्याच्या शेजारपाजारचे सगळे पत्तेही बंद केले, नातेवाईक असतील म्हणून. ज्या कंपनीचं इंटरनेट तो वापरत होता तिला खरमरीत तक्रार लिहिली. (पत्ता कुणाचा ते आधी का नाही पाहिलं, असं विचारू नकोस. पत्ता म्हणजे नुसते आकडे असतात, आणि रागात मला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून तर कॉलेज सुटलं.)

याच धांदलीत मी तिला, ती तक्रारी पाठवायची त्याच दवाखान्याच्या मेलवर, लग्नाचं विचारणारा मेल पाठवला होता. ती नोकरी घेऊ नकोस, थांब, माझं सगळं मार्गी लागतंय, असा. उत्तर येईना. एक दिवस, दोन दिवस. कोनाड्यात बसून मी त्या घुसखोराची चिकाटी आठवायचो आणि मनात म्हणायचो, याच्या निम्मी तरी तळमळ तिच्यात असती! शेवटी न राहवून दुसरा मेल टाकला. त्यातली भाषा इथे लिहीत नाही, तू मोठी आहेस. सार एवढंच की 'हो म्हणायचं नसेल तर नको म्हण, पण माणसाला उत्तर द्यायची पद्धत असते.'

आणि परवा ती दुकानात आली. काका टेबलाशी, मिस्त्री तार कापत, मी कोनाड्यातून निम्मा बाहेर. तिने एक छापील कागद काकांसमोर ठेवला आणि म्हणाली, "आमचे डॉक्टर लिफ्टमध्ये अडकलेत. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय. तक्रार केली तर तुमच्याकडून हे उत्तर आलं." काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "निर्लज्ज माणसा, तुझ्या घरी आई-बहीण नाही का..." पुढे वाचवेना. ती म्हणाली, "डॉक्टरांना आई आहे. बहीणही आहे. दोघी दवाखान्यातच असतात. त्यांनीही वाचलं." मिस्त्रींच्या हातातली कात्री खाली पडली आणि हसू दाबत ते हत्यारांची पिशवी घेऊन दवाखान्याकडे पळाले.

मग ती माझ्याकडे वळली. मावशी, तो घुसखोर तीच होती. पासवर्ड ती दुसऱ्याच दिवशी विसरली होती. (मी स्वतः आत्ता आठवून पाहिला. मलाही नाही आठवला.) पण मी ते 'मनात असेल तर' म्हणालो होतो ना, म्हणून सांगायची तिला लाज वाटली, आणि बिचारी रोज काम आटोपल्यावर आठवून आठवून टाकून बघायची. दवाखान्याचा पत्ता बंद झाला, तो अख्ख्या दवाखान्याचा झाला. तिने माझ्या मागणीला उत्तर लिहिलं, ते माझ्या त्या ओळीसकट तिला परत मिळालं. त्यापाठोपाठ माझा दुसरा मेल पोचला, की उत्तर द्यायची पद्धत असते. आणि त्यावर कडी म्हणजे इंटरनेट कंपनीचा माणूस दवाखान्यात येऊन विचारून गेला, तुमच्यापैकी घुसखोरी कोण करतं?

ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. उलट बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच येईना. नुसतं "चुकलो" म्हणालो. तेही एकदाच. जाताना मी विचारलं, निदान उत्तर काय होतं? ती म्हणाली, "लिहिलं होतं. तू घेतलं नाहीस. तेच तेच पुन्हा लिहायला मी रिकामी नाही." आणि गेली.

सर्व्हर दारातूनच परत पाठवतो तेव्हा आतला मजकूर आपल्याकडे येत नाही. फक्त नोंद राहते, की अमक्याचं आलं होतं आणि केवढं होतं. मी ती नोंद पाहून झिजवली आहे. चांगलं मोठं होतं, मावशी. आता तूच सांग, होकाराला एवढं लिहावं लागतं का? पण नकाराला तरी एवढं कोण लिहितं? मिस्त्री म्हणतात, मोठं असेल तर खाली जाहिरात असेल दवाखान्याची. हा माणूस मला सुखाने वेडाही होऊ देणार नाही.

बाकी काय लिहू? मावसोबांना नमस्कार. तुझ्या तब्येतीला जप.

तुझा,
हतबुद्ध भाचा

ता. क. तुझे सगळे दात शाबूत आहेत हे मला माहीत आहे. तरी पत्र मिळताच त्या दवाखान्यात एक चक्कर टाकशील का? हिरडी दुखते म्हण. मला तिथे पायरी चढायची बंदी आहे, खुद्द डॉक्टरांच्या आईची. तू खुर्चीत बसायच्या आधी समोरच्या टेबलाशी बसलेल्या मुलीला सहज विचार, की बाई, त्या पत्रात काय होतं? तुझ्यापुढे कुणी काही लपवू शकत नाही, हे मी लहानपणापासून अंगावर वळ घेऊन शिकलो आहे. आणि जिना आहे, पण एकच. लिफ्टने मात्र जाऊ नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मिस्त्री दवाखान्यातून आले आणि मी पुन्हा जमिनीवर बसलो आहे. तिने त्यांना आपणहून सांगितलं. नकार होता, मावशी! चांगला सविस्तर नकार. याला राग आवरत नाही, कॉलेज याने सोडलं, उद्या मला सोडेल, असा सगळा. म्हणजे मी दारातून तंगडं मोडायची धमकी देऊन हाकललं, ते नेमकं हाकलायच्याच लायकीचं होतं! पण पुढे ती म्हणाली म्हणे, "परवा एवढं बोलले, तो चकार शब्द उलट बोलला नाही. मला वाटलं नव्हतं याला गप्प बसता येत असेल. नोकरीचं अजून कळवलेलं नाही. नीट विचार करून पुन्हा लिहीन. त्याला सांगा, पत्ता तेवढा मोकळा कर."

ता. क. ३. पत्ता मोकळा करायला पहाऱ्याच्या बंद-यादीतली एक ओळ पुसायची आहे. मघापासून बोट त्या बटणावर ठेवून बसलो आहे. पुसली की ती लिहिणार. आणि काय लिहील कुणास ठाऊक. काका बाहेरून ओरडताहेत की दवाखान्याचं गिऱ्हाईक हातचं चाललं. तर दवाखान्यात तू जाच, पण काही विचारू नकोस. नुसतं सांग, सर्व्हर दुरुस्त होतोय, घाई नाही, सावकाश विचार कर. यात खोटं काही नाही. मी खरंच त्याच्यासमोर बसलेलो आहे.