पॅचखालचं नाव

११ नोव्हेंबर, पिंप्राळा

पाठवला! माझा पहिला पॅच, कोडमधली दुरुस्ती! लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की टचपॅड मरायचा — आता मरत नाही. ड्रायव्हरमध्ये चार-पाच ओळी बदलल्या, बस. पण त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात गेल्या, तर जगात ज्याच्याकडे हे डबडं असेल त्या प्रत्येकाचा टचपॅड चालेल. गेल्या, तर.

१२ नोव्हेंबर

मेल परत! मेलिंग लिस्टवर साधा मजकूरच चालतो म्हणे, माझा नटूनथटून गेला होता. बावळट कुठली! सेटिंग बदलून पुन्हा पाठवला. सारखं इनबॉक्स बघतेय. आई ओरडली, "तो मोबाइल ठेव आणि ब्लाउजचं माप दे आधी." चार डिसेंबरला लग्न आहे, ते माझंच आहे, याची मला आठवण करून द्यावी लागते.

१५ नोव्हेंबर

काही नाही.

१७ नोव्हेंबर

उत्तर! थेट मेंटेनरचं — ज्यानं हो म्हटल्याशिवाय एक ओळ आत जात नाही, त्याचं. दुरुस्ती बरोबर आहे, पण खाली सहीत टोपणनाव चालणार नाही, खरं पूर्ण नाव लिहून परत पाठवा. मी 'डिंप्स' लिहिलं होतं! मेले लाजेनं. पाच मिनिटांचं काम.

१८ नोव्हेंबर

नाही झालं. सकाळीच धुळ्याहून नवलचा फोन. "आईनं तुझं नाव ठरवलंय. दिपमाला." म्हटलं, मला नाव आहे. "अगं, तांदळात लिहायचं तेवढंच. आमच्याकडे सगळ्यांचंच बदलतात." मग सुनंदाबाईंनी फोन घेतला. होणाऱ्या सासूबाई! "डिंपल हाई काय नाव शे? बिस्कुटनं नाव वाटस!"

मी हसले. फोन ठेवला आणि रडले. नुसता संताप!

कर्नलमध्ये एकदा गेलेली सही पुढे कोणी बदलत नाही. मग खरं नाव कोणतं लिहू? इथे एक, तिथे दुसरं?

१९ नोव्हेंबर

डिंपल रुपचंद पाटील. पाठवलं.

२६ नोव्हेंबर

सामसूम. पुन्हा विचारावं तर नव्या लोकांना पहिला धडाच तो — थांबा, घाई करू नका. घरात पत्रिका, आहेर, हळद, आणि मी जिन्यात नेटवर्क शोधत उभी. मला लग्नाच्या आधी हवंय. या नावानं काहीतरी करून मगच जायचंय.

३ डिसेंबर

हाताला मेंदी, म्हणून पुनमताईनं मेल उघडून वाचला. "घेतला. आभार." एवढंच! मी अशी उडाले की मेंदी फिसकटली. ताई म्हणते, लग्न ठरलं तेव्हा नव्हतीस इतकी खूश झालीस.

५ डिसेंबर, धुळे

काल ताटात तांदूळ पसरले. नवलनं अंगठीनं लिहिलं — दिपमाला. टाळ्या, फोटो. अख्ख्या जगापुढे सही करणारी मी, आणि इथे तोंडच उघडेना! स्वतःचाच राग येतोय.

६ डिसेंबर

दुपारी लॅपटॉप उघडून बसले होते. सासूबाई चहा घेऊन आल्या. "काय करी ऱ्हायनी?" दाखवलं. सहीवर बोट ठेवून वाचून दाखवलं — डिंपल रुपचंद पाटील. म्हटलं, आता चिडतील.

"हाई नाव कोनी पुसी टाकस का?"

"नाही, आई. कोणीच नाही."

चहा निवला तरी उठेनात. मग म्हणाल्या, "मन्हं नाव रूपा व्हतं."